माहेरची परीक्षक

एलरबर्न या आमच्या खाणगावच्या कामगार क्लबात बायकांना मज्जाव नव्हता, असं आमचे पुरुष अजूनही छातीठोकपणे सांगतात. शनिवारी नवऱ्याच्या बरोबरीने गाण्याच्या हॉलमध्ये बसायला त्यांना पूर्ण मोकळीक होती. फक्त बारमध्ये पाऊल टाकायचं नाही, मत द्यायचं नाही आणि कमिटीच्या खोलीत शिरायचं नाही, एवढंच. त्यामुळे सप्टेंबरातल्या त्या रविवारी नॉर्मा चार्लटन भर बारमधून चालत कमिटीच्या खोलीकडे निघाली, तेव्हा बरेच ग्लास तोंडाशी जाता जाता थांबले. टॉमी लॅमने तर बाई वाट चुकली असं समजून तिला मागचं दार दाखवलं.

"वाट मला ठाऊक आहे रे टॉमी," ती म्हणाली. "तुझ्या आईने तुला इथून कान धरून बाहेर काढलं होतं, तेव्हा मी दारातच उभी होते."

नॉर्मा आमच्याच गावची. लग्न होऊन डोंगरापलीकडे वेस्टगार्थला गेली, तिथेच संसार केला, तिथेच विधवा झाली. तिचा नवरा आल्फ लीकच्या प्रदर्शनांचा परीक्षक होता. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा पैलवान भाऊ. आमच्या खाणकामगारांचा त्याच्यावर केवढा जीव! बायकोचा वाढदिवस विसरतील, पण वाफ्याला कालवलेलं खत द्यायची वेळ चुकवणार नाहीत. प्रदर्शन जवळ आलं की बाप्ये वाफ्याशेजारच्या खोपटात मुक्काम हलवतात, कारण जळफळाटाने दुसऱ्याच्या लीकवर सुरी फिरवणारेही याच गावात राहतात. आल्फ गावोगाव परीक्षणाला जायचा आणि मापाची फीत धरायला, वजन तोलायला नॉर्मा सोबत असायची. तो गेल्यावर जिल्ह्याच्या मंडळाने परीक्षकाचं कार्ड तिच्याच हातात दिलं. तेव्हापासून दोन्ही खोऱ्यांतल्या गावांनी तिला बोलावलं होतं. माहेराने बोलावलं नव्हतं. ते तिला लागलं होतं आणि लागलंय हे ती लपवतही नव्हती.

यंदा निम्म्या सभासदांनी तिचं नाव सुचवलं आणि चेअरमन कथबर्ट ट्यूलिपने ते अडवलं. ट्यूलिप हे आडनाव मिरवणारा माणूस इतका रुक्ष असू शकतो, यावर आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या विनोद होत आले आहेत. कथबर्ट खाणीत मुकादम होता. स्वतः लीक लावायचा, चांगली लावायचा. कमिटीच्या खोलीत भिंतीवर काचेआड क्लबाचे नियम टांगलेले होते. त्यातल्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"आपल्या आजोबा-पणजोबांनी लिहून ठेवलंय. परीक्षक डिसइंटरेस्टेड असावा. आता तूच सांग, नॉर्मा. तू इथली. तुझा सख्खा भाऊ हेडली इथे लीक मांडतो. त्याच्या वाफ्यात तू लहानाची मोठी झालीस. तू डिसइंटरेस्टेड कशी?"

"मग कोण आहे?"

"मिस्टर पेव्हरेल. बिअरच्या कंपनीतले. गेल्या वर्षी आले होते तेच. त्यांचा इथे ना भाऊ ना मेहुणा. लीकशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. लीक काय आणि छत्रीचा दांडा काय, त्यांना दोन्ही सारखंच."

"तो डिसइंटरेस्टेड नाही, कथबर्ट. तो अनइंटरेस्टेड आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं? डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा. अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला त्यात रस नाही असा. तुझं अपेंडिक्स काढलं ना मागे? त्या डॉक्टरला तुझ्या मरणातून काही मिळणार नव्हतं. तो झाला डिसइंटरेस्टेड. पण पोट फाडून ठेवून तो जांभया देत बसला असता, तर तू आज इथे नियम वाचून दाखवायला असतास का?"

खोलीत हशा पिकला. गेल्या वर्षीचं परीक्षण सगळ्यांना आठवत होतं. पेव्हरेलसाहेबांनी ग्लासातला फेस खाली बसायच्या आत लीकच्या जोड्या मांडलेला अख्खा ओटा उरकला होता आणि पहिला नंबर अशा जोडीला दिला होता, की तिच्यातलं एक लीक एका जातीचं आणि दुसरं भलत्याच. चहा वाटणाऱ्या बायकांच्याही ते लक्षात आलं होतं. साहेब मात्र हॅम सँडविच खात होते.

कथबर्ट हसला नाही. "शब्दांत तू मला हरवशील. शाळेतही हरवायचीस. पण माझं ऐक. रस आला की जीव गुंततो आणि जीव गुंतला की नजर बिघडते. आमच्या खाणीत दंडक होता, भाऊ ज्या बोगद्यात उतरलाय तिथलं छत भावाने तपासायचं नाही. का? तो एकतर नको तिथे घाबरतो, नाहीतर नको तिथे डोळेझाक करतो. माणूस वाईट असतो म्हणून हे होत नाही. तो माणूस असतो म्हणून होतं."

हे तो उगाच बोलत नव्हता आणि नॉर्मालाही ते कळलं. कमिटीतले दोघेतिघे माना डोलवायला लागले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता तू मला सांग. खाली उतरलेल्या एकाही माणसाशी ज्याला देणंघेणं नाही, अशा माणसाने तपासलेल्या छताखाली तू जाऊन बसशील?"

कथबर्टने काचेवरचं बोट काढून घेतलं. सेक्रेटरी विल्फ थ्युब्रन हा सगळ्यांना खूश ठेवू पाहणारा माणूस. त्याने घसा खाकरून तोडगा काढला, की निकालावर सही पेव्हरेलसाहेबांची असू दे आणि फीत नॉर्माने धरावी.

"फीत मी नवऱ्याच्या हाताखाली धरली, आवडीने धरली. त्या जांभईबहाद्दराच्या हाताखाली धरणार नाही. परीक्षण करीन तर मी करीन, नाहीतर चालले. हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून प्रत्येक निकालाचं कारण सांगीन. कुणाला त्यात पक्षपात दिसला, तर माझं कार्ड तिथेच फाडून टाका. नाही दिसला, तर इथून पुढे हा विषय बंद."

हात वर झाले, मोजले गेले आणि जेमतेम नॉर्माच्या बाजूने पडले. कथबर्टचा हात विरोधात होता. पण ठरलं म्हणजे ठरलं, एवढं म्हणून त्याने खुर्ची मागे सारली. त्याचा तो गुण घेण्यासारखा होता.

बाहेर भिंतीच्या कठड्यावर हेडली बसला होता. तो बहिणीहून बराच मोठा. खाणीने त्याची छाती पार पोखरली होती, चार वाक्यं बोलला की श्वास शिट्टी वाजवायचा. आता कुदळ हातात धरायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणजे हे त्याचं शेवटचं प्रदर्शन. आणि नेमकं याच वर्षी त्याच्या वाफ्यात अशी जोडी आली होती, की लोक कुंपणापाशी उभे राहून टोप्या काढायचे.

"मी माघार घेतो," तो म्हणाला. "तुला मोकळं होईल."

"खबरदार माघार घेतलीस तर! तू नाहीस म्हणून मी नीट वागले असंच म्हणतील सगळे. मग मी काय सिद्ध केलं? डोंबल?"

"आणि मी जिंकलो तर?"

"तर जिंकलास."

"आणि हरलो तर आयव्ही तुला घरात घेणार नाही. तिने त्या सोफ्यावर बसूनसुद्धा पाहिलंय." आमच्याकडे बक्षिसं हॉलमध्ये मांडून ठेवतात. सोफा, टीव्ही, ब्लँकेटं, किटल्या. पहिला आलेला सगळ्यांच्या आधी उचलतो आणि काय उचलायचं ते त्याची बायको केव्हाच ठरवून बसलेली असते, तशी हेडलीची बायको आयव्हीही. हेडली हसला, हसता हसता खोकला, आणि नॉर्मा त्याची पाठ चोळत उभी राहिली. आपल्याला तो जिंकायला हवा आहे, हे तिने त्या वेळी मनाशी कबूल करून टाकलं. हवा होता तर हवा होता. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलचं दार आतून लावून घेतलं. आत नॉर्मा आणि मदतीला विल्फ, बस्स. पांढऱ्या कागदाने झाकलेल्या ओट्यावर लीकच्या जोड्या ओळीने निजवल्या होत्या, मुळं धुऊन विंचरलेली, पाती हिरव्या रिबिनींसारखी मागे पसरलेली. जोडीपुढे फक्त आकडा, नाव नाही. ओल्या मातीचा आणि कांद्याचा वास भरून राहिला होता. नॉर्माने कोटाच्या बाह्या दुमडल्या आणि कामाला लागली. घेर, उंची, दोघांचा सारखेपणा, बुडाशी दाबून घट्टपणा, पातीची घडी उलगडून आत कीड. ज्यांना नंबर मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती, अशा किडकिडीत जोड्यांवरही तिने तेवढाच वेळ घालवला. विल्फ घड्याळाकडे बघायला लागला तेव्हा तिने त्याला घड्याळ खिशात ठेवायला लावलं.

हेडलीची जोडी तिने आकडा न बघताच ओळखली. मुळं मधोमध भांग पाडून विंचरायची त्याची पद्धत. तिलाही त्यानेच शिकवली होती, पायरीवर बसून, आईचा जुना कंगवा घेऊन. तिने फीत लावली. आतापर्यंत मापलेल्या सगळ्या जोड्यांपेक्षा ही सरस होती, आणि थोडीथोडकी नव्हे. दाबून पाहिली, दगड. पात उलगडली, स्वच्छ. मग शिक्का बघायला तिने डाव्या लीकची पात उजेडाकडे वळवली.

हा शिक्का म्हणजे आमच्याकडे सगळ्यात वरचा कायदा. प्रदर्शनाच्या काही आठवडे आधी कमिटी गावातल्या एकेका वाफ्यात जाऊन प्रत्येक लीकच्या दोन पात्यांवर क्लबाचा शिक्का उठवते, म्हणजे परगावाहून विकत आणलेलं लीक कुणी ऐनवेळी मांडू नये. दोनपैकी एक तरी शिक्का पातीवर वाचता आला पाहिजे. वाचता आला नाही, तर लीक कितीही मोठं असो, ते ओट्यावर नसल्यासारखं.

उजव्या लीकवर शिक्का होता. डाव्यावर बाहेरची शिक्क्याची पात नव्हतीच. तिला पिवळी रेघ पडली असणार, ती हेडलीच्या डोळ्यांत खुपली असणार आणि आतल्या पातीवर दुसरा शिक्का आहेच, या भरवशावर त्याने ती सोलून टाकली असणार. मग चकाकी यावी म्हणून जोडी दुधाने पुसली. आमच्याकडे सगळेच पुसतात. हा गडी जीव ओतून पुसत बसला. आतल्या पातीवर शिक्क्याच्या जागी नुसता निळसर डाग उरला होता. एका अक्षराचाही पत्ता नव्हता.

नॉर्माने भिंग मागितलं. डाग डागच राहिला.

विल्फ वाकला आणि एकदम सरळ झाला. "अगं, हा शिक्का मी स्वतः मारलाय. ती वाडग्याएवढी बुडं मी विसरेन होय? शपथेवर सांगतो, ही..."

"नाव घेऊ नकोस."

"नाही घेत. पण नॉर्मा, राणी, कुणाला दिसणार आहे? पेव्हरेल असता तर त्याने ही पात उलटून तरी पाहिली असती का?"

"नसती पाहिली."

"मग झालं तर! तूही पाहिली नाहीस."

तिला क्षणभर खरंच वाटलं, की आपण हात धुवावेत, पात होती तशी ठेवावी आणि पुढे सरकावं. भाऊ खोटा नव्हता. लीक त्याचं होतं, घाम त्याचा होता, श्वास त्याचा जात होता. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. हेडलीचा आला, त्या दुधाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तयार नजरेचा आला. रस नसता तर हा डाग दिसलाच नसता. रस होता म्हणून दिसला, आणि आता दिसल्यावर तो कुणाचा आहे हे बघायचा तिला हक्क नव्हता. तिने जोडीपुढच्या आकड्याच्या कार्डावर 'नियमाबाहेर' असं लिहिलं, खाली सही केली, आणि पुढच्या जोडीला फीत लावली.

दुपारी दारं उघडली तेव्हा हॉल खच्चून भरला. बायकाही होत्या, आयव्ही सोफ्याच्या हातावर हात ठेवून उभी. नॉर्मा स्टेजवर चढली आणि शेवटून सुरुवात करून एकेका निकालाचं कारण सांगत गेली. पहिला नंबर कथबर्ट ट्यूलिपच्या जोडीला मिळाला. मग ओट्यावरची सगळ्यात मोठी जोडी बाद का, तेही तिने सांगितलं. शिक्का वाचता येत नाही, जोडी नियमाबाहेर.

एकदम सगळेच बोलायला लागले.

"भावाचा काटा काढलास की गं!" आयव्ही ओरडली. "सख्ख्या भावाचा!"

"आपण किती नि:पक्षपाती ते दाखवायला त्याचा बळी दिला," मागून कुणीतरी म्हणालं. सकाळी ती भावाला झुकतं माप देणार म्हणून पैज लावणारा तोच. लोकांचं असंच असतं.

विल्फला राहवलं नाही. तो शिक्का आपणच मारला होता, हे त्याने ओरडून सांगितलं. मग हवा फिरली. जो तो म्हणू लागला, की हेडलीचं लीक हेडलीचं आहे हे गावातल्या मांजरालाही माहीत आहे, मग शिक्क्याचं एवढं काय? शेवटी कथबर्ट उभा राहिला तशी सगळी गप्प झाली.

"मला असला पहिला नंबर नको," तो म्हणाला. "हेडलीची जोडी माझ्याहून सरस आहे. यंदाचं त्याचं शेवटचं. परीक्षकाने तिचं काम केलं, आता क्लबला आपलं काम करू द्या. निकाल फिरवायला कोण कोण राजी आहे? हात वर करा."

हातच हात. पेव्हरेलवाले, नॉर्मावाले, सगळे. ज्यांना मतच नव्हतं त्या बायकांचेही हात वर गेले आणि त्या दिवशी ते कुणी खाली करायला सांगितले नाहीत. आयव्हीचे तर दोन्ही वर होते. अख्खा हॉल एका दिलाने चांगला वागायला निघाला होता. त्यात एकटी नॉर्मा तेवढी वाईट दिसत होती.

"खाली करा ते हात!" ती म्हणाली. "आज तुम्हाला हेडलीची दया आली म्हणून शिक्का माफ. पुढच्या वर्षी ज्याची दया येणार नाही, त्याला काय सांगणार? की बाबा, तुझी छाती ठणठणीत आहे, तू बाद? आठवडाभर मला तासून काढलंत तुम्ही, की ही डिसइंटरेस्टेड आहे का, ही डिसइंटरेस्टेड आहे का. आता मी आहे, तर तुम्हालाच नको झालंय! तो माझा भाऊ आहे. माझा जीव तुटत नाही असं वाटतं तुम्हाला? तुटतोय. तुटू दे. निकाल फिरवायचा तर खुशाल फिरवा, पण त्यावर माझी सही राहणार नाही, आणि या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तुमच्या त्या पेव्हरेलला बोलवा. त्याला काहीच दिसत नाही, तुम्हाला सोयीचं पडेल."

हात खाली आले नाहीत. कथबर्ट तिच्याकडे बघत राहिला, हात तसाच वर धरून.

तेव्हा हेडली उठला. भिंतीला धरून तो सावकाश ओट्यापर्यंत आला. वाटेत सँडविचच्या टेबलावरची हॅम कापायची सुरी त्याने उचलली. तो काय करतोय हे कळायच्या आत त्याने डावं लीक आडवं धरलं आणि बुडापासून चार बोटांवर सपकन कापलं. मग उजवं. आयव्हीने किंकाळी फोडली.

"आता द्या नंबर," तो म्हणाला. श्वास शिट्टी वाजवत होता. "कशाला देता? ही भाजी झाली."

कापलेला भाग तळहातावर घेऊन हेडली स्टेजपाशी गेला आणि तो त्याने बहिणीपुढे धरला.

"परीक्षकबाई, आतून बघा."

नॉर्मा खाली वाकली. आत वलयात वलय, पांढरंशुभ्र, काळजापर्यंत घट्ट, डागाचा ठिपकासुद्धा नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही.

"इतकं सुरेख लीक मी आजवर पाहिलेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कुठल्याच गावात नाही."

"आणि नंबर?"

"नंबर नाही."

"शाब्बास," हेडली म्हणाला आणि तिथेच स्टेजच्या पायरीवर बसला. कथबर्टने हात खाली घेतला. मग त्याच्या मागचे एकेक करून खाली येत गेले, आयव्हीचे सगळ्यात शेवटी.